आधी चूक जपून ठेव

एका नगरीत एकदा एक रक्तपेढी होती आणि त्या रक्तपेढीत एक वृद्ध गृहस्थ होते. जुन्या कथांतले वृद्ध वडाखाली बसत. हे वातानुकूलित खोलीत बसत, कारण संगणकांना उकाडा सोसत नाही. भर वैशाखात स्वेटर घालून बसलेला हा माणूस पाहून नवखे लोक हसत. जुने हसत नसत. नगरीतल्या प्रत्येक रक्तदात्याची नोंद या खोलीत होती आणि ती सांभाळणे हे वृद्धांचे काम होते. सगळे त्यांना काका म्हणत.

त्यांच्या हाताखाली मिहिर नावाचा शिष्य होता. शिष्य बुद्धिमान होता, आणि बुद्धिमान शिष्याला जे होते ते त्यालाही झाले होते: गुरूच्या निम्म्या गोष्टी त्याला निरर्थक वाटत.

वृद्धांची पहिली खोड लॉगची. डेटाबेसचा एक धर्म असतो. कोणतीही नोंद घालायची, बदलायची किंवा पुसायची झाली, तर तो ते कृत्य आधी एका वेगळ्या रोजनिशीत लिहितो आणि मगच करतो. त्या रोजनिशीला लॉग म्हणतात. माणसे आधी करतात आणि मग लिहायचे विसरतात, यंत्राला ती मुभा नाही. ही रोजनिशी फुगत जाते, जागा खाते. मिहिर म्हणे, "काका, रोज रात्री आपण सगळ्याची पूर्ण प्रत काढतो. शिवाय शेजारी आरसा-यंत्र आहे, इथे जे होतं ते त्याच क्षणी तिथेही होतं. मग हे लॉगचं लोढणं कशाला? बंदच करून टाकू या."

वृद्ध ऐकून घेत आणि बंद करू देत नसत. दर तासाला लॉगची प्रत नदीपलीकडच्या एका दवाखान्यातल्या यंत्रावर जाई, ती नीट पोचल्याची खात्री होई, आणि मगच इथली तेवढी जागा मोकळी होई. एकही तास गाळायचा नाही, कारण तासाला तास जोडून ही साखळी बनते आणि मधली एक कडी हरवली की पुढच्या सगळ्या कड्या असून नसल्यासारख्या.

दुसरी खोड शनिवारची. दर शनिवारी वृद्ध मिहिरला हाताशी घेऊन एका जुनाट यंत्रावर रात्रीची प्रत उतरवत, तिच्यावर तासातासाचे लॉग क्रमाने चढवत, संपूर्ण डेटाबेस पुन्हा उभा करत, दोन-चार दात्यांची नावे काढून पाहत, समाधानाने मान हलवत आणि सगळे पुसून टाकत. मिहिर याला भातुकली म्हणे. वृद्धांना ते ठाऊक होते. ते म्हणत, "भातुकलीत हात बसतो बाबा. लग्नघरात पहिल्यांदा भात लावणाऱ्याचा करपतोच."

एके दिवशी बाजार समितीच्या मैदानावर मोठे रक्तदान शिबीर होते. सकाळपासून तिथले स्वयंसेवक दात्यांच्या नोंदी थेट मुख्य यंत्रात घालत होते. दुपारी वृद्ध डबा खायला बसले आणि मिहिर एक किरकोळ काम उरकायला. वयाची पासष्टी ओलांडलेल्या दात्यांची नावे काढून टाकायची होती. आज्ञा दोन ओळींची. पहिली ओळ: दात्यांच्या नोंदी पूस. दुसरी ओळ: ज्यांचे वय पासष्टच्या पुढे आहे त्यांच्याच. या यंत्रांवर अशी सोय असते की, लिहिलेल्यापैकी जेवढा भाग निवडावा तेवढाच चालतो. मिहिरने माऊस ओढला, पहिली ओळ निवडली, दुसरी राहिली आणि त्याने कळ दाबली.

यंत्राने आज्ञा पाळली. एकूण एक दाता गेला. आणि शेजारच्या आरशाने, स्वामिनिष्ठ सेवकासारखे, त्याच क्षणी आपल्याकडचेही सगळे पुसले.

पळून जावे असे मिहिरला वाटले, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले. पण तो पळाला नाही. डबा खाणाऱ्या वृद्धांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझ्या हातून सगळं गेलं."

वृद्ध उत्तर देणार तोच दार ढकलून हर्डीकरबाई आत आल्या. रक्तपेढीच्या प्रमुख त्या. कानाला फोन तसाच.

"मिहिर, ताबडतोब शोध. बॉम्बे गट. सरकारी रुग्णालयात एक बाळंतीण अडली आहे, रक्तस्राव थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळच्या आत रक्त मिळालं नाही तर हातात काही उरणार नाही."

बॉम्बे गट हा अतिदुर्मीळ. ज्याचे रक्त या गटाचे, त्याला याच गटाचे चालते, दुसरे कोणतेही नाही. असे दाते त्या नगरीत दोनच होते आणि ते बाईंना तोंडपाठ होते. एक परदेशी गेलेला आणि दुसऱ्याने नुकतेच रक्त दिलेले. बाईंनी शेजारच्या शहरांतही फोन केले होते. सगळीकडून नकार. आता आशा एवढीच, की आपल्याच यादीत कुणी तिसरा सापडावा. आणि यादी तर कोरी झाली होती.

मिहिरने बाईंनाही खरे सांगितले. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

मग मिहिरच घाईने म्हणाला, "काका, रात्रीची प्रत आहे. एक वाजेपर्यंतचे लॉग नदीपलीकडे आहेत. तेवढं लगेच मुख्य यंत्रावर चढवतो, इथलं सगळं त्याखाली गाडलं जाईल. एकच्या पुढच्या लॉगमध्ये आहे काय? माझी चूक!"

त्याचा हात कळफलकाकडे गेला. वृद्धांनी तो मनगटाशी धरला.

"थांब. आधी सगळ्यांचं काम थांबव, शिबिरातल्या मुलांचंही. मग एकच्या पुढचा जो लॉग इथे आहे, त्याची प्रत काढ. नदीपलीकडे पाठव. पोचली याची खात्री कर. मग बाकीचं."

"काका, पण त्यात चूक आहे!"

"म्हणूनच म्हणतो. आधी चूक जपून ठेव."

बाईंचा संयम सुटला. "काका, तिकडे बाई मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही चुका कसल्या जपताय? वयोमानानं काही सुचेनासं झालंय का तुम्हाला?"

वृद्ध रागावले नाहीत. डब्याचे झाकण लावले, हात पुसले आणि इतकेच म्हणाले, "बाई, डॉक्टरांना सांगा, रक्त शोधतोय. मिहिर, प्रत काढ."

प्रत निघाली. नदीपलीकडे पोचली. मग रात्रीची प्रत मुख्य यंत्रावर उतरली आणि तिच्यावर एकेका तासाचा लॉग क्रमाने चढू लागला. इथे मिहिरच्या एक गोष्ट लक्षात आली. कोणत्या आज्ञेनंतर कोणती, कुठे थांबायचे, कुठे तपासायचे, हे बोटांना पाठ होते. कितीतरी शनिवार त्या बोटांत उतरले होते, आणि ज्याला तो भातुकली म्हणत होता तिच्यानेच आज घर तगत होते. हे त्याला त्याच वेळी कळले आणि त्याचे डोळे भरून आले. पण पडदा पुसट दिसून चालणार नव्हते, म्हणून त्याने ते बाहीला पुसले.

एकपर्यंतचे सगळे चढले. राहिली ती शेवटची कडी, नुकतीच जपलेली.

"आता हा लॉग उघडून बघ," वृद्ध म्हणाले. "तुझी चूक कितीला झाली ते त्यानंच लिहून ठेवलं असेल. पुसण्याची आज्ञा जिथे सुरू होते, त्याच्या अलीकडच्या क्षणापर्यंत चढव. तिथे थांब. पलीकडे पाऊल टाकायचं नाही."

मिहिरने क्षण शोधला, त्याच्या अलीकडचा क्षण यंत्राला सांगितला आणि कळ दाबली. यंत्र काही काळ घरघरत राहिले. मग पडद्यावर नगरीचे सगळे दाते एकामागून एक परत आले. पासष्टीच्या पुढचेही आले, ते बिचारे विनाकारण वाचले. बाई उठून पडद्याशी आल्या. मिहिरने गट लिहून शोध घेतला.

नावे तीन आली. दोन बाईंना पाठ असलेली. तिसरे होते उत्तम लोंढे. पत्ता नदीकाठच्या वस्तीतला. शिबीर आवरता आवरता, एक वाजून गेल्यावर, कुणा स्वयंसेवकाने घातलेली नोंद: दुर्मीळ गटाचे कार्ड दाखवले, आज रक्त दिले नाही, गरज लागेल तेव्हा बोलवा म्हणाले. ही नोंद नदीपलीकडे गेलेल्या एकाही तासात नव्हती. जी कडी मिहिर गाडून टाकणार होता, तिच्यातच ती होती, त्याच्या चुकीच्या अगदी अलीकडे.

बाईंनी नंबर फिरवला. पलीकडे सिमेंट कालवायच्या यंत्राचा आवाज होता. लोंढे गवंडीकाम करत होते. "आलो की," ते म्हणाले. "कुठं यायचं तेवढं सांगा."

ते स्कूटरवरून आले, हाताचे सिमेंट नळावर धुतले आणि "दुपारीच म्हणालो होतो बोलवा, पण इतक्या लवकर बोलवाल असं वाटलं नव्हतं," असे म्हणत हसत आडवे झाले. आवश्यक त्या तपासण्या झाल्या, रक्त निघाले, गाडी धावली. दिवेलागणीला डॉक्टरांचा फोन आला: बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलगी झाली होती. रक्तपेढीत टाळ्या वाजल्या, कुणीतरी पेढे आणायला पळाले. हर्डीकरबाईंनी पहिला पेढा लोंढ्यांना दिला आणि दुसरा वृद्धांपुढे धरून म्हणाल्या, "काका, मघाशी तोंडातून भलतंच गेलं."

"गेलं ते गेलं," वृद्ध म्हणाले, "मी त्याचा लॉग ठेवलेला नाही."

सगळे पांगल्यावर शिष्याने विचारले, "काका, त्या शेवटच्या लॉगमध्ये लोंढ्यांचं नाव आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे ठाऊक होतं?" वृद्ध म्हणाले. "ठाऊक असतं तर नाव वहीत टिपून मोकळा झालो असतो. ठाऊक नसतं म्हणूनच जपायचं. अरे, आरसा आपलं आत्ताचं तोंड दाखवतो. आपण तोंडाला काळं फासलं की तोही फासतो. रात्रीची प्रत म्हणजे कालचं तोंड. काल आणि आज यांच्या मधे आपण काय काय केलं, हे फक्त लॉग सांगतो. तो चांगलं आणि वाईट एकाच शाईनं लिहितो. तुला चूक फाडून टाकायची होती. पण ज्या पानावर ती होती, त्याच पानावर तिच्या वरच्या ओळीत कुणाचं तरी पुण्य लिहिलेलं होतं. चूक जपली म्हणून ती कुठे सुरू होते ते दिसलं, आणि दिसलं म्हणून तिच्या अलीकडे थांबता आलं. आणि खरं सांगू? डब्यापुढे येऊन तू 'माझ्या हातून गेलं' म्हणालास, तोच पहिला लॉग. तो लपवला असतास तर माझी सगळी यंत्रं व्यर्थ होती."

पुढच्या शनिवारी वृद्ध जरा उशिरा आले. मिहिर जुनाट यंत्रापुढे आधीच बसला होता. त्याने रात्रीची प्रत उतरवली होती, तासांची साखळी चढवली होती आणि शेवटी तो जपलेला लॉग लावला होता. या खेपेस तो अलीकडे थांबला नाही. त्याने आपली चूक पुरती घडू दिली, सगळे दाते नाहीसे होताना शांतपणे पाहिले, मग पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्या क्षणाच्या अलीकडे नेमका थांबला.

हर्डीकरबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "ते अजून ठेवलंयस?" त्यांनी विचारले.

"हो बाई," मिहिर म्हणाला. "चूक माझीच आहे. पण त्या मुलीचा वाढदिवस या चुकीच्या शेजारच्या ओळीत आहे."

वृद्धांनी स्वेटरची बटणे लावली आणि स्वतःची खुर्ची त्याच्यामागे थोडी दूर ओढून घेतली. त्या शनिवारी त्यांनी कळफलकाला हात लावला नाही.