दगडी दार आणि वीतभर छप्पर

डोंगराच्या पलीकडे माणसांची अणुभट्टी होती आणि अलीकडे जंगल. त्या जंगलात एक सायाळ आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहायची. अंगभर काटे, बोलणं थोडं, आणि बीळ खणावं तर तिनंच. तिथेच एक कोल्हाही होता. त्यानं जन्मात मूठभर माती उकरली नव्हती, पण दुसऱ्यानं खणलेल्या बिळापुढे उभं राहून भाषण झकास ठोकायचा. म्हणून तो जंगलाचा मुखिया. हसू नका, मुलांनो. मला ही गोष्ट सांगताना अजून संताप येतो.

त्या वर्षी हिवाळ्यात एक म्हातारा करकोचा दूर देशाहून तळ्यावर उतरला. त्याच्या देशात अशीच एक भट्टी फुटली होती. तो सगळ्यांना म्हणाला, "भट्टी फुटली की धूर वर जातो आणि तासाभरानं त्याची राख खाली पडते. त्या राखेतून किरण निघतात. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, पण अंगातून आरपार जातात. जाड मातीच त्यांना अडवते. तेव्हा जमिनीखाली घर करा, छपरावर चांगली तीन हात माती घाला आणि आत शिरायची वाट वाकडी ठेवा. मग पंधरा दिवस बाहेर पडू नका. तोवर राखेचा जोर बराच उतरतो."

सायाळ दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागली. स्वतःपुरतं नव्हे, ससे, मुंगूस, खारी, रानडुकरं, सगळे मावतील एवढं घर तिनं खणलं. नखं झिजली, पंजे सोलवटले. उपसलेल्या मातीचा मोठा ढीग बाजूला रचून ती म्हणाली, "ही माती छपरावर घालायची आहे. कुणी हात लावू नका."

कोल्हा शेपूट मिरवत पाहणीला आला. "सायाळबाई, शत्रू येतो तो दारातून. वाघ कधी छपरातून आलाय का?"

"अहो, हा वाघ नाही! राख वरून पडते, वरून!"

"तुमचं आपलं काहीतरीच," कोल्हा म्हणाला. आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? जन्मभर त्यांनी धोका दारातूनच येताना पाहिला होता. मग काय, रानडुकरांनी ढकलत ढकलत एक भलीमोठी शिळा आणली आणि तिचं दार केलं. आणि ढिगातल्या मातीचा दारापुढे चौथरा बांधला. कशाला? तर कोल्ह्याला उद्घाटनाचं भाषण करायला! टाळ्या पडल्या. फांद्यांच्या छपरावर माती उरली जेमतेम वीतभर, कुठे कुठे तेवढीही नाही.

पुढे एका सकाळी जमीन हादरली आणि डोंगरामागून काळ्या धुराचा लोट उठला. जो तो घराकडे धावला. सगळ्यात आधी कोण शिरलं, सांगायला हवं का? कोल्हा थेट आतल्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि ओरडला, "दार लावा!"

सायाळीनं पिल्लांना आत बसवलं आणि वर पाहिलं. पिल्लांच्या डोक्यावर छपरातून उजेड झिरपत होता.

"दार लावू नका," ती म्हणाली. "राख पडायला अजून वेळ आहे. चौथरा फोडा आणि माती वर घाला."

"खबरदार!" कोल्हा गुरगुरला. "माझ्या चौथऱ्याला कुणी हात लावायचा नाही!"

"तुझ्या बापाचा आहे का चौथरा?" सायाळीचे सगळे काटे ताठ उभे राहिले. "या पंजांनी उपसलेली माती आहे ती. आत माझी लेकरं आहेत. सर बाजूला!"

ती बाहेर पडली, तशी रानडुकरं आणि ससेही तिच्या मागे निघाले. डुकरांनी सुळ्यांनी चौथरा फोडला. सशांनी मागच्या पायांनी माती वर उडवली. छप्पर हातभर झालं, दोन हात झालं. तेवढ्यात वारा जंगलाकडे फिरला. "आत पळा सगळे!" सायाळ ओरडली. सगळे आत गेले. पण पिल्लं बसली होती त्या कोपऱ्यावरचं छप्पर अजून उघडंच होतं. ती एकटीच माती ओढत राहिली. पिठासारखी बारीक राख पडू लागली, तरी ती थांबली नाही. कोपरा झाकला गेला तेव्हाच ती दाराशी आली, आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आई, ये ना आत," धाकटं पिल्लू म्हणालं.

"माझ्या काट्याकाट्यांत राख बसलीय रे, बाळा. झटकून निघत नाही. मी आले तर तीही माझ्याबरोबर आत येईल. दादाला सोडू नकोस. दार लावून घ्या."

रानडुकरानं रडत रडत शिळा ढकलली.

पंधरा दिवसांनी सगळे बाहेर आले ते नदीपलीकडे निघून जाण्यासाठी. आतला एकही जीव गेला नव्हता. सायाळ मात्र दूर एका झाडाखाली पडली होती, मेलेली. तिचे गळालेले काटे आजूबाजूला विखुरले होते.

आणि कोल्हा? चौथरा नव्हता, म्हणून तो छपरावर चढला आणि छाती काढून म्हणाला, "पाहिलंत? माझं दार कसं टिकलं!"

कुणी टाळी वाजवली नाही. सायाळीचं थोरलं पिल्लू पुढे आलं. "दाराशी कुणी आलंच नव्हतं," ते म्हणालं. "जे आलं ते वरून आलं. आणि तू उभा आहेस ती माती माझ्या आईची आहे. खाली उतर."

कोल्हा जागचा हलला नाही. तेव्हा रानडुकरानं सुळे रोखले. "ऐकू आलं नाही का? पोर म्हणतंय, खाली उतर."

तात्पर्य : संकट जिकडून येतं तिकडे माती घालावी, टाळ्या जिकडून पडतात तिकडे नव्हे. आणि सगळ्यांच्या आसऱ्याची माती जो आपल्या चौथऱ्याला लावतो, त्याला वेळीच खाली उतरवावं. सायाळ मेल्यावर नव्हे.