गेनूची चुकवाचुकवी

एका गावात एक भोळा गेनू होता. त्याची आई पारूबाई आणि थोरला भाऊ दत्तू. एवढंच घर.

गेनू भोळा म्हणजे किती भोळा? आई म्हणायची, कोंबड्या मोजून ये. हा मोजून यायचा.

"किती आहेत रे?"

"मोजल्या."

"अरे, पण किती?"

"सगळ्या."

दत्तू मात्र शहाणा. चौकात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. स्थळं त्याला पायलीभर येत. पण त्याचा एक हट्ट होता. म्हणायचा, "आधी गेनूचं लग्न. ते झाल्याशिवाय मी बोहल्यावर चढायचा नाही." आणि गेनूला मुलगी देतंय कोण? म्हणून दोघंही तसेच राहिलेले. भाकऱ्या थापून थापून पारूबाईची मनगटं दुखायला लागली, पण घरात सून काही येईना.

गेनूने इकडेतिकडे घोटाळे करू नयेत म्हणून दत्तू त्याला दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसवायचा. इंटरनेट उघडलं की त्यात एक खेळ यायचा. एक लाल चेंडू उतारावरून सुसाट धावतो. समोरून दगड येतात, ओंडके येतात. बटण दाबून चेंडू डावीउजवीकडे सरकवायचा. लागला की मेला. मग पुन्हा पहिल्यापासून. शाळेतली पोरं शंभर-शंभर दगड पार करत. गेनू तिसऱ्या दगडाला मरायचा. सकाळी तिसऱ्या, दुपारीही तिसऱ्याच.

"दादा, मला का जमत नाही?"

"तू दगड बघत बसतोस. अंगावर येईल ते चुकवायचं. लागू द्यायचं नाही."

गेनूने चुकवलं. वीस दगड पार झाले. खुशीत घरी आला.

घरी पारूबाई शिडीवर चढून छपरावरचा भोपळा तोडत होती. म्हणाली, "गेनू, धर रे." आणि सोडला. गेनू झटकन डावीकडे झाला. भोपळा अंगणभर पसरला.

"अरे, धर म्हटलं ना तुला?"

"अंगावर आला. चुकवला."

"येड्या, अंगावर आलं तर दोन्ही हात पसरून छातीशी धरायचं."

"असं आधी सांगायचं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिरपाचा एडका सुटला. गल्लीतली माणसं ओट्यांवर चढली. म्हातारी सगुणाबाईसुद्धा चढली, जी एरवी दोघांनी धरल्याशिवाय उठत नाही. गेनू एकटा गल्लीत उभा. दोन्ही हात पसरलेले, छाती पुढे. एडका आला. गेनूने त्याला कवटाळलं. एडक्याने त्याला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि उकिरड्यावर उतरवलं.

दत्तू त्याच्या अंगावरचं शेण पुसत म्हणाला, "जवळ येईपर्यंत थांबतात का रे? नजर लांब ठेवावी. लांबून दिसलं की आधीच बाजूला व्हावं."

गेनूने तेच खेळात केलं. ऐंशी दगड पार. शाळेतली पोरं मागे येऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात गेनूला सांगून आलेली पलीकडच्या गावची रेश्मा आपल्या मामाबरोबर घर बघायला यायची होती. पारूबाईने गेनूला न्हाऊमाखू घातलं आणि दारात बसवलं. गेनूने नजर लांब ठेवली. ओढ्याच्या पुलावर पाहुणे दिसले. गेनू आधीच बाजूला झाला. इतका बाजूला झाला, की संध्याकाळपर्यंत ज्वारीत बसून राहिला.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा प्यायला. मामा म्हणाले, "मुलगा कुठाय?"

"रानात गेलाय," पारूबाई म्हणाली. ते खोटंही नव्हतं. "पण आधीच सांगते, भोळा आहे."

"भोळा चालेल, लबाड नको. पाहुणे आले तरी रान सोडत नाही म्हणजे बघा."

स्थळ जमलं. पारूबाईला हसावं की रडावं कळेना. रात्री गेनू घरी आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कोणी आलं की पळायचं नसतं. मधोमध उभं राहायचं. हसायचं, हात जोडायचे."

सकाळी सातची एसटी आली. गेनू रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, हसला, हात जोडले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"मरायचंय का?"

"या, बसा," गेनू म्हणाला.

"मी बसलोच आहे. तू बाजूला हो."

कंडक्टरने उतरून गेनूला हाताला धरून कडेला नेलं. दत्तूने कपाळावर हात मारला. म्हणाला, "मधोमध उभं राहायचं ते खेळात. तिथे दोन्ही बाजूंना सरकायला जागा मिळते." गेनूने करून बघितलं. तीनशे बारा. गावात तेवढे कोणाचेच नव्हते.

मग लग्नाचा दिवस उजाडला. पारूबाईने गेनूला पांढराशुभ्र झब्बा घातला. म्हणाली, "नवा कोरा आहे. आज अंगाला काही म्हणता काही लागू द्यायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

गेनू मांडवात पाटावर उभा राहिला. अगदी मधोमध. मध्ये अंतरपाट, पलीकडे रेश्मा. गेनू पळालाच तर धरायला मागे दत्तू. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. शेवटी म्हणाले, सावधान. गेनू आधीपासूनच होता.

कुंकवाच्या लाल अक्षता चारी बाजूंनी आल्या. गेनू डावीकडे झाला, उजवीकडे झाला, खाली बसला, वर उठला. लोकांनाही चेव आला, ते मुठी भरभरून टाकू लागले. शाळेतली पोरं मोजायला लागली. झब्ब्यावर एक दाणा नाही. सगळ्या अक्षता मागे दत्तूच्या अंगावर. तो बिचारा लालेलाल होऊन उभा.

अंतरपाट दूर झाला. रेश्माने हात उंचावून माळ पुढे केली. गेनूला ती लांबूनच दिसली होती. तो खाली वाकून असा सफाईने निसटला, की माळ नीट जाऊन दत्तूच्या गळ्यात पडली.

वाजंत्री थांबली.

मामा म्हणाले, "भटजी, आता?"

भटजींनी चष्मा पुसला. "अक्षता याच्यावर पडल्या, माळ याच्या गळ्यात पडली. माझ्या पोथीप्रमाणे लग्न याचं लागलं. मुलगी काय म्हणते ते विचारा."

रेश्माने आधी गेनूकडे बघितलं, मग दत्तूकडे. "मामा, त्यांच्यामागे जन्मभर माळ घेऊन पळू का मी? हे जागचे हलले नाहीत. यांना विचारा, माळ ठेवतात का काढतात."

दत्तूचे कान अक्षतांपेक्षा लाल झाले. "ठेवली असती. पण आधी गेनूचं व्हायला पाहिजे."

"माझं झालं की, दादा," गेनू झब्बा दाखवत म्हणाला. "पूर्ण झालं. काहीच लागलं नाही."

मांडव हसता हसता आडवा झाला. दत्तूने माळ ठेवली.

पारूबाईच्या चुलीपुढे आता रेश्मा बसते, आणि पारूबाई मांडीवर नात घेऊन ओसरीवर. मनगटं दुखायची थांबली. गेनूला पहिली गरम भाकरी मिळते. पारूबाईच्या घरी जसं सुख चालत आलं, तसं तुमच्याही दारी येवो, आणि आलं की कोणी बाजूला होऊ नका.