नामफेरी

एका राज्यात माणसे दुःख घेऊन दगडी चक्रव्यूहात शिरत, मधल्या शिळेपाशी ते ठेवत आणि हलक्या पायांनी बाहेर येत. हे व्यूह मांडणाऱ्यांची एक रीत होती. शेवटचा दगड बसला की कर्ता स्वतः आत चालत जाई आणि जे वळण ज्याच्यापासून सुचले, त्याचे नाव त्या वळणावर मोठ्याने घेई. तिला नामफेरी म्हणत. ती झाल्यावाचून व्यूह कुणाला बाहेर सोडत नसे.

राजा भद्रसेनाची राणी वारली, तेव्हा तिच्या स्मरणार्थ व्यूह मांडण्यासाठी त्याने पिंगळ नावाच्या तरुणाला बोलावणे धाडले. पिंगळाची गुरू रानात राहणारी एक वृद्धा होती. ती म्हणाली, "तुझे शिक्षण संपलेले नाही. माझे नावही तुला अजून सांगितलेले नाही."

गुरूने आपले नाव शिष्याला अखेरच्या दिवशी सांगायचे, असा शिरस्ता होता. तोवर पिंगळ तिला नुसते माय म्हणे.

"लगेच परततो, माय," तो म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

तीन वळणांचा व्यूह पुरा झाला. राजा म्हणाला, "येथे राणीवाचून दुसरे नाव निघता कामा नये."

रीत राजाला ठाऊक नव्हती, आणि ज्याला ठाऊक होती तो गप्प बसला. खरे तर ही आज्ञा त्याच्या पथ्यावरच पडली. तिसरे वळण मायपासून सुचलेले आणि तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते; शिवाय तिन्ही वळणे आपल्याच डोक्यातून निघाली असे लोकांनी म्हटले तर त्याला हवेच होते. गुणी माणसेही अशी कोती निघतात, काय करावे.

मग इंदुला नावाची छोटी राजकन्या आईला शोधत व्यूहात शिरली. वाटा तिच्यामागे मिटल्या. आतून तिच्या हाका येत आणि दिवसागणिक क्षीण होत. राजा दाराशी बसून राहिला.

"तिला आण," तो पिंगळाला म्हणाला. "माझे आता दुसरे कुणी नाही."

पिंगळाने मान खाली घालून सारे कबूल केले आणि तो निघाला. चुकलेली नामफेरी पुन्हा करायची, तर ज्याचे नाव त्याची परवानगी मागावी लागते.

पहिले वळण वारुळातल्या मणिधर नागाच्या वेटोळ्यावरून सुचले होते. नाग म्हणाला, "उशीर केलास. घे माझे नाव."

दुसरे वळण चंदना नदीच्या भोवऱ्याचे. व्यूहाचे दगड पिंगळाने तिच्याच पात्रातून उपसले होते. आता तिथे भोवरा नव्हता, चिखल होता. चिखलातून नदी म्हणाली, "घे. नावापुरती तरी उरेन."

तिसरे वळण मायचे. तिच्या झोपडीचे दार सताड उघडे होते आणि चूल केव्हाची गार पडली होती. आढ्यावर बसलेली मायची साळुंकी हुबेहूब मायच्या आवाजात म्हणाली, "पिंगळ आला का?"

पिंगळ ढसाढसा रडला.

"माय गेली," साळुंकी म्हणाली. "जाईपर्यंत हेच विचारत होती. तुला नाव सांगायचे राहिले होते."

"तू सांगशील?"

"सांगेन. पण ते उच्चारताच माझी वाचा जाईल. तिचा आवाज आता माझ्याच कंठात आहे. मग तो कुठेच उरणार नाही."

तो आवाज पिंगळाला जन्मभर ऐकायचा होता. पण आत एक पोर हाका मारत होती. त्याने साळुंकीला खांद्यावर घेतले.

व्यूहाच्या दाराशी राजा बाजूला झाला. "घे त्यांची नावे," तो म्हणाला. "राणीला राग येणार नाही."

पहिल्या वळणावर पिंगळाने मणिधराचे नाव घेतले, दुसऱ्यावर चंदनेचे. दोन्ही वाटा उघडल्या. तिसऱ्यावर साळुंकी मायच्या आवाजात म्हणाली, "वनजा." पिंगळाने ते नाव मोठ्याने उच्चारले. मधल्या शिळेवर इंदुला बसली होती.

राजाने तिला उराशी धरले. ती म्हणाली, "मला भीती नाही वाटली, बाबा. आत एक आजी माझ्याजवळ बसून होती. ती सारखी विचारायची, पिंगळ आला का?"

पिंगळ व्यूहाकडे वळला. "आलो, माय," तो म्हणाला. साळुंकीने मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिले, पण ती बोलली नाही.

व्यूह मोडला, नदीचे दगड नदीला परत गेले आणि भोवरा पुन्हा फिरू लागला. पिंगळ पुढे गुरू झाला. आपले नाव तो शिष्यांना पहिल्याच दिवशी सांगे, आणि त्याच्याही आधी वनजेचे.