झाकण आणि धड

फार वर्षांपूर्वी भास्कर रणपिसे नावाचे एक म्हातारे गृहस्थ आपल्या वैमानिक भावाच्या विमानाची छोटी प्रतिकृती करत होते. खऱ्या विमानातून भाऊ परतला नव्हता. सगळं जुळलं, पण आतल्या चिमुकल्या वैमानिकावरचं पारदर्शक झाकण बसेना; एका बाजूला फट राहायची.

"झाकणाला घास," विमानाचं धड रणपिशांच्या हातातल्या कानशीला म्हणालं. "मला आधी जोडलंय."

"तुझे ओरखडे रंगाखाली जातील," कानस म्हणाली. "त्याचे कायमचे राहतील."

"म्हणून मीच झिजायचं?"

"आत बसलाय त्याला आभाळ दिसायला हवं."

धडानं आतल्या नखाएवढ्या वैमानिकाकडे पाहिलं.

"घास मला," ते म्हणालं.

झाकण बसल्यावर रणपिसे कितीतरी वेळ त्यातून भावाकडे पाहत राहिले.