रेंगाळलेला कटर

एकाच लांबलचक पट्ट्यावर अख्खा कारखाना फिरायचा, त्या काळातली गोष्ट. तिथल्या एका कटरला, म्हणजे मशीनवर गरगरणाऱ्या दातेरी पात्याला, पोलादाचं भारी वेड. पण भेट व्हायची ती खळगा कोरण्यापुरती. काम संपलं की तेलकट फडक्यात गुंडाळून पुन्हा खणात.

एकदा पोलादाच्या ठोकळ्यात शिरता शिरता तो मिलिंग मशीनला म्हणाला, "मावशी, आज ठोकळ्याखालचं टेबल अगदी हळू सरकव ना. मला इथे जरा राहायचंय."

"पोलादाशी असं रेंगाळू नये रे," मावशी कुरकुरली. पण तिला त्याची दया आली.

टेबल मंदावलं, कटर मात्र तसाच गरगरत राहिला. जाड किसाऐवजी नुसती भुकटी पडू लागली. उष्णता बाहेर न्यायला कीसच नव्हता. कटरची धार निळी पडली, ठोकळा तेवढ्या जागी कडक झाला.

"तू कापत नाहीयेस, नुसता घासतोयस," ठोकळा कळवळला. "दोघंही जळतोय आपण."

कटरला काढून धार लावायला नेलं. तो परतला, तेव्हा ठोकळा अर्ध्या खळग्यानिशी तसाच वाट पाहत होता.

"सरकव मावशी, नेहमीसारखं," म्हणत कटरने मोठा घास घेतला. तापलेला कीस उडत गेला, ठोकळा गार राहिला, आणि खळगा बघता बघता पुरा झाला.

कटरला वर उचललं, तेव्हा त्याच्या धारेला एक वळलेला कीस अडकला होता. खणातल्या अंधारात तो कीस अजून कोमट होता.