पोथीचा विमा

“बुवा, किंमत किती लिहू?”

केसोबुवा चिंचेखाली पाटावर बसून वाती वळत होते. त्यांनी ऐकलं नसावं, म्हणून दिगंबराने पुन्हा विचारलं.

“कशाची?”

“पोथीची. कुरिअरवाला खोळंबलाय. विम्याच्या रकान्यात आकडा लागतो.”

बुवांनी वात तळहातावर फिरवली, संपवली, बाजूच्या ताटलीत ठेवली.

“तुला ठाऊक असेल ती लिही.”

आता यात कोड्यासारखं काही होतं, हे दिगंबराच्या ध्यानातही आलं नाही. त्याने पन्नास हजार लिहिले, विम्याचे पैसे भरले आणि पावती घडी घालून खिशात ठेवली. पावती खिशात गेली की त्याला बरं वाटायचं. कागदपत्रात माणूस पक्का, त्यात वादच नाही.

सीना नदीच्या काठावरचा हा मठ. तो स्थापला आवजीबुवांनी, आणि ही पोथी त्यांच्याच हातची, शेवटचा अध्याय तेवढा त्यांच्या शिष्याचा. जगात एकच. तिची नक्कल करायची नाही, पाठ करायची, असा आवजीबुवांचा दंडक होता. ज्याला पोथी अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत, तोच गादीवर बसायचा. केसोबुवा सतराव्या वर्षी मठात आले आणि तेविसाव्या वर्षी सगळी पोथी म्हणू लागले. आता ते शहाऐंशीचे होते. त्यांच्यामागे गादी दिगंबराचीच, हे गाव धरूनच चाललेलं. पोथी तेवढी पाठ व्हायची होती.

अकरा वर्षं ती तेवढी व्हायची होती.

म्हणजे दिगंबर आळशी होता म्हणावं, तर तसंही नाही. मठाची नोंदणी त्याने केली, नळ त्याने आणला, गळकं छप्पर त्याने काढलं. पोथीची सेवा करावी तर त्यानेच. दर एकादशीला लाल फडकं सोडायचं, हळदकुंकू वाहायचं, पानं मोजायची, कडुनिंबाचा पाला बदलायचा, पुन्हा गाठ मारायची. एक एकादशी चुकली नाही. फक्त संध्याकाळी बुवा अध्याय म्हणायला बसले, की याच्या कानाला फोन असायचा आणि पलीकडे सिमेंटवाला. समोर दोन म्हाताऱ्या आणि मठातलं कुत्रं, एवढेच श्रोते. पुढे बुवांचा दम पुरेना, तेव्हा ते पहिल्या चार-पाच अध्यायांवरच थांबू लागले. तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

पोथीला कसर लागू लागली होती. पुण्यात एक संस्था असली पानं साफ करून, त्यांचे फोटो काढून परत देते, असं दिगंबराला कळलं. नक्कल करायची नाही, याची बुवांनी आठवण करून दिली, तर म्हणाला, ही नक्कल कुठे, हे तर फोटो. बुवा हसले. वाद घालणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

पोथी पाठवायच्या सकाळी मात्र त्यांनी एक गोष्ट विचारली. पोथी वाटेत गेली, तर हे विमेवाले काय करतात?

दिगंबराने समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, हे त्याला नंतर आठवलं आणि कानशिलं तापली. वस्तू हरवली, भिजली, जळली, तरी लिहिलेली किंमत पुरती भरून मिळते.

“म्हणजे पोथी गेली, की पोथी मिळते.”

“पोथी नाही, बुवा. पैसे.”

“बरं...”

मग बुवा म्हणाले, तूच का नाही घेऊन जात? एस.टी.त बसायचं, मांडीवर ठेवायची, पुण्यात हातात द्यायची. एका दिवसाचं काम.

पण गुरुवारी सभामंडपाचा स्लॅब टाकायचा होता. गवंडी आधीच दोनदा पळालेला. दिगंबर तिथून हलला असता, तर तिसऱ्यांदा पळाला असता.

“विमा आहे ना, बुवा. काळजी कसली?”

बुवांनी दुसरी वात हातात घेतली.

“काळजी कसली,” ते स्वतःशीच म्हणाले.

पोथी दोन खोक्यांत, प्लास्टिकमध्ये, वर चिकटपट्टीचे सात वेढे, अशी गेली. बांधणी बघून कुरिअरवाल्यानेही मान डोलावली.

सहाव्या दिवशी फोन आला. दिगंबर स्लॅबवर पाणी मारत होता. एका हातात पाइप, एका हातात फोन. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. इंदापूरच्या अलीकडे गाडीने पेट घेतला. मागचा सगळा माल... साहेब, एक पिशवीसुद्धा नाही वाचली. पण तुमचा विमा आहे, साहेब, तुम्ही निश्चिंत राहा. फॉर्म घेऊन माणूस उद्याच पाठवतो.

पाइप हातातून कधी सुटला, त्याला कळलं नाही. पाणी शिडीवरून खाली ओघळत राहिलं. त्याला ऐकू सगळं येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. जळली म्हणजे काय? कुठली पोथी जळली? परवा एकादशी, परवा तर ती सोडायची होती. निंबाचा पालासुद्धा त्याने सवयीने सांगून ठेवला होता.

तो बुवांना सांगायला गेला. उंबऱ्याबाहेरच तो थांबला आणि तिथूनच, एका दमात, सगळं सांगून टाकलं.

बुवा वाती वळायचे थांबले.



“गाडीवाला?”

“काय?”

“गाडी चालवणारा. त्याचं काय झालं?”

“उडी मारली त्याने. हाताला भाजलंय थोडं.”

“वाचला. बरं झालं.”

एवढंच. दिगंबर बघत राहिला. त्याला वाटलं होतं, बुवा रडतील, त्याला हाकलून देतील, निदान काठी तरी आपटतील. त्या सगळ्याची त्याने तयारी केली होती. याची नव्हती केली. बुवांनी वात पुरी केली आणि ताटलीत ठेवली. दिगंबराला धक्का पोथीचा बसला होता, त्याहून मोठा आता बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉर्म आला. कंपनीचा माणूस ओसरीवर पाणी पीत बसला, आणि दिगंबर पेन घेऊन आत बुवांच्या पुढ्यात. खाली मठाधिपती म्हणून त्यांची सही लागणार होती. रात्रभर तो जागा होता, डोळे सुजलेले. पण समोर कागद आला आणि हात आपोआप चालू लागला. निदान एवढं तरी आपल्याला येतं, असं काहीतरी.

“हरवलेल्या वस्तूचे वर्णन,” त्याने वाचलं.

“सांग की.”

दिगंबराने सांगितलं. दोनशे बारा पानं. वीत-दीड वीत लांब, चार बोटं रुंद. काळी शाई, समासाला लाल रेघ. वर-खाली सागवानी फळ्या. लाल फडकं. एकेचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. दोनशे अकराव्याला कसरीचं भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं. इतकी कोणाला ठाऊक असेल पोथी?

“आत काय होतं?” बुवांनी विचारलं.

“सांगितलं की. दोनशे बारा...”

“आत.”

दिगंबराने तोंड उघडलं.

अकरा वर्षं, दर एकादशी. प्रत्येक पान त्याच्या बोटांखालून गेलेलं. अक्षरांचं वळण डोळ्यांपुढे उभं राहत होतं, शाई कुठे फिकी झाली तेही दिसत होतं. आणि एक ओळ... एकसुद्धा ओळ येईना. आपण पानं मोजली. नुसती मोजली. हे त्याला इतक्या उशिरा, असं कंपनीचा माणूस बाहेर चहाची वाट बघत असताना कळावं, याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

तेव्हा बुवांनी मांडीवर हाताने ठेका धरला आणि म्हणायला सुरुवात केली.

“आधीं नमिलें मातीसी । जे साहे सर्वांसी ।
पाय देतां जियेसी । धान्य देई ॥”

आवाज थकलेला, पण शब्द लखलखीत. एकामागून एक ओव्या येत राहिल्या. दिगंबराने मान वर केली. पोथी तर इथेच आहे. इथे, या पाटावर, वाती वळत बसली आहे. आगीने काय नेलं? फडकं आणि फळ्या! त्याला हसू आलं, रडूही आलं. त्याने फॉर्म उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहू लागला. दंडक गेला खड्ड्यात. आज लिहीन, उद्या लिहीन, महिनाभर लिहीन, स्लॅबला पाणी दुसरा कोणी मारील.

पण कागदी माणूस तो. मध्येच त्याच्या मनात आलं, खात्री करून घ्यावी.

“बुवा, शेवटपर्यंत आहे ना सगळं? शेवटचा अध्याय? दोनशे अकरावं पान?”

बुवा थांबले.

“आवजीबुवा गाव सोडून जातात, तो?”

“तोच असेल,” दिगंबर म्हणाला. त्याला ते ठाऊक नव्हतं.

“बरेच दिवसांत म्हटला नाही. ऐकायलाच...” बुवांनी वाक्य सोडून दिलं. डोळे मिटले. पुन्हा ठेका धरला.

सुरुवात ठीक झाली. आवजीबुवा पहाटे उठतात. कोणाला न सांगता काठी घेतात. शिष्य वेशीपर्यंत मागे जातो, हाक मारायचं धाडस होत नाही. दिगंबर लिहायचं विसरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो ऐकत होता. वेशीपाशी काय होणार, हे त्याला कळायलाच हवं होतं.

“जातां मागुता वळला । शिष्यासी काय बोलिला ।
एवढें सांभाळी बाळा ।...”

ठेका चुकला.

बुवांनी पुन्हा सुरुवात केली. जातां मागुता वळला. शिष्यासी काय बोलिला.

“एवढें सांभाळी बाळा...”

हात मांडीवर तसाच राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा अगदी हळू, अंधारात पायरी चाचपावी तसं, त्याच तीन चरणांवरून ते गेले, आणि त्याच जागी येऊन थांबले.

“एवढें...”

दिगंबर पुढे सरकला. काय? काय सांभाळ म्हणाले? चौथा चरण लहानसा असतो, दोन-तीन शब्द, फार तर चार. ते शब्द त्याच्या हातात होते. गेल्याच एकादशीला त्याने ते पान उजेडात धरलं होतं, भोक वाढलं का ते बघायला. भोक वाढलं नव्हतं. भोकाच्या शेजारी ठसठशीत काळ्या अक्षरांत ते होतं. वाचायला निमिषही लागलं नसतं.

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

अकरा वर्षांत बुवांना कधी घाबरलेलं त्याने पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मोतीबिंदूने पांढरट झालेले ते डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते, पुढचा शब्द तिथून येईल म्हणून. गुरूने आपल्याकडे काही मागावं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि मागितलं ते हे.

“मला... नाही येत, बुवा.”

बाहेर कंपनीचा माणूस खाकरला. साहेब, उशीर होतोय.

बुवांचे डोळे हळूहळू निवले. मग पुढे वाकून त्यांनी तो फॉर्म दिगंबराच्या मांडीवरून उचलला, छापील बाजू वर केली आणि पेन त्याच्या बोटांत ठेवलं.

“घे,” ते म्हणाले. “आता लिही किंमत.”