इवलीची पानाची टोपी

एक होती बालवाडी. तिथे होती खूप मुलं. आणि होतं एक कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं, मऊ मऊ. त्याचं नाव इवली.

उन्हाळा आला. बालवाडीच्या सगुणाताईंनी सगळ्यांना टोप्या दिल्या. मुलांना कापडाच्या. इवलीला पळसाच्या पानाची.

आज तर अंगणात वाळूचा ढीग आला होता! ऊन उतरलं की सगळे खेळणार होते.

इवलीने टोपी काढली. ती दाणे टिपू लागली. टिप टिप टिप. तेवढ्यात आली शेळी. कुरुम कुरुम कुरुम! टोपी फस्त!

"बेंऽऽ! चवदार होती हं," शेळी म्हणाली. आणि गेली निघून.

इवली रडत रडत ताईंकडे गेली.

"अगं बाई!" ताई म्हणाल्या. "टोपीशिवाय उन्हात कशी खेळशील? डोकं तापेल. चक्कर येईल. पान आण, मी टोपी करते. पण जायचं सावलीसावलीने, बरं का!"

सावली बघत, सावली धरत, इवली निघाली. टुपुक टुपुक!

"पळसदादा, पळसदादा, पान दे!"

"का गं इवले?"

"शेळीने खाल्ली टोपी,
ताईंना हवं पान,
मी खेळू कशी?"

पळस म्हणाला, "मी तहानलोय गं. पाणी आण, मग पान देतो."

सावली बघत, सावली धरत, इवली निघाली. टुपुक टुपुक! हापशाजवळ एक बादली होती. इवली बादलीच्या सावलीत उभी राहिली.

"हापसाकाका, हापसाकाका, पाणी दे!"

"का गं इवले?"

"शेळीने खाल्ली टोपी,
ताईंना हवं पान,
पळसाला हवं पाणी,
मी खेळू कशी?"

हापसा म्हणाला, "माझा दांडा तापलाय गं. हात लावला की चटका बसतो. वच्छीमावशीची साडी आण, माझ्यावर सावली कर. मग पाणी देतो."

सावली बघत, सावली धरत, इवली निघाली. टुपुक टुपुक! समोरच्या ओसरीवर वच्छीमावशी पाळणा हलवत होती. कुई कुई, कुई कुई.

"वच्छीमावशी, वच्छीमावशी, साडी दे!"

"का गं इवले?"

"शेळीने खाल्ली टोपी,
ताईंना हवं पान,
पळसाला हवं पाणी,
हापशाला हवी सावली,
मी खेळू कशी?"

मावशी म्हणाली, "बाळ झोपेना गं. नुसता घाम घाम! वारा आण, मग साडी देते."

सावली बघत, सावली धरत, इवली निघाली. टुपुक टुपुक! वारा कुंपणाखाली लोळत पडला होता.

"वारोबा, वारोबा, ऊठ ना!"

"का गं इवले?"

"शेळीने खाल्ली टोपी,
ताईंना हवं पान,
पळसाला हवं पाणी,
हापशाला हवी सावली,
बाळाला हवा वारा,
मी खेळू कशी?"

वारा म्हणाला, "मला कंटाळा आलाय गं. गाणं म्हण, मग उठतो."

इवली गायली, "चिक!" पुन्हा गायली, "चिक चिक!"

"ऐकूच येत नाही," वारा म्हणाला. आणि कुशीवर वळला.

इवली धावली बालवाडीच्या खिडकीकडे. टुपुक टुपुक टुपुक!

"मुलांनो, मुलांनो, गाणं म्हणा!"

"का गं इवले?"

"शेळीने खाल्ली टोपी,
ताईंना हवं पान,
पळसाला हवं पाणी,
हापशाला हवी सावली,
बाळाला हवा वारा,
वाऱ्याला हवं गाणं,
मी खेळू कशी?"

"एवढंच ना!" मैना म्हणाली.

"म्हणतो की!" शब्बीर म्हणाला.

आणि सगळी मुलं जोरात गाऊ लागली,

"वाऱ्या वाऱ्या, सूं सूं सूं!
आमच्या अंगणी येशील तू?"

गाणं ऐकून वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ!
वारा आला, बाळ निजलं.
बाळ निजलं, मावशी उठली. तिने हापशावर साडी बांधली.
सावली पडली, दांडा गार झाला.
मावशीने हापसा मारला. खटाक खटाक! पाणी आलं भळाभळा.
इवली प्यायली दोन घोट. गट गट!
बाकीचं पाणी पळसाकडे धावलं. झुळुझुळु, झुळुझुळु.
पाणी प्यायला पळस. त्याने टाकलं पान. टप्प!

इवलीने पान चोचीत धरलं. सावली बघत, सावली धरत, ताईंना नेऊन दिलं. ताईंनी काडीने टाचली टोपी. हनुवटीखाली बांधली दोरी.

ऊन उतरलं. मुलांनी टोप्या घातल्या. मुलं पाणी प्यायली. वाळूचा ढीग सावलीत आला होता. सगळे धावले.

सगळ्यांच्या पुढे कोण? इवली! टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, धप्प! वाळूत लोळली. वाळू उडवली. फुर्र फुर्र!

"चिक चिक चिक!" इवली हसली.

इवली रमली वाळूत, गोष्ट निजली सावलीत.